सीमा हलवावी की हक्क नोंदवावा?

‘अभयारण्याची हद्द माझ्या घराच्या पलीकडून न्या’ हा सरकारदरबारी येणाऱ्या अर्जांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड अर्ज असावा. लहान अशासाठी की, अर्जदाराची जागा असते एक-दोन गुंठ्यांची. घर, ओटा, गोठा आणि मागची चार झाडे. अवघड अशासाठी की, एकाची हद्द सरकवली की शेजारी अर्ज घेऊन येतो, आणि शेजाऱ्याच्या मागे असा तिसरा गृहस्थ उभा असतो की ज्याचे तेथे घरच नसते.

खानदेशाला हा प्रश्न परका नाही. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य १९८६ साली. या डोंगरपट्ट्यात पावरा, तडवी, भिल्ल यांची वस्ती आहे. आणि रावेर-यावलच्या केळीला विहिरींतून जे पाणी मिळते, ते याच डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी पायथ्याच्या गाळात मुरवलेले असते. तेव्हा जंगलाची हद्द सैल झाली तर त्याची किंमत खालच्या केळीवाल्यालाही मोजावी लागेल.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या बाबतीत अगदीच बहिरा नाही. अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर जिल्हाधिकाऱ्याने हक्कांची चौकशी करायची, लोकांनी दोन महिन्यांत दावे मांडायचे, आणि दावा मान्य झाला तर ती जमीन हद्दीबाहेर ठेवता येते, संपादित करता येते किंवा हद्दीत ठेवूनही हक्क चालू ठेवता येतो. मात्र दोन महिन्यांची नोटीस डोंगरातल्या पाड्यावर वेळेत पोहोचणार कशी, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. एकदा अंतिम अधिसूचना निघाली की राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीवाचून रेषा हलत नाही. शिवाय नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय अभयारण्ये रद्द करण्यास मनाई केली. म्हणजे दोन गुंठेवाला आणि दोन हजार हेक्टरवाला प्रकल्प एकाच खिडकीपाशी उभे राहतात. प्रकल्पाकडे वकील आणि सल्लागार असतात. पाड्याकडे असते फक्त बस चुकण्याची भीती.

कागदावर आखलेली रेषा किती महाग पडते, हे माळढोक अभयारण्याने दाखवले. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात घातले गेले. गावे, शेते, अगदी तालुक्याची ठिकाणेही. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले, पण त्याआधी तीन दशके लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकून पडले, आणि माळढोक पक्षी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच राहिला. अतिव्याप्त रेषेने ना माणसाचे भले झाले, ना पक्ष्याचे. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा सक्तीचा करून त्यात नव्या पक्क्या बांधकामाला बंदी केली. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानेच तो आदेश सौम्य केला. शेतकऱ्याला घर वाढवायचे तर काय, गावाला शाळा किंवा दवाखाना हवा तर काय, हा विचार त्यामागे होता. खाणींवरील बंदी मात्र कायम राहिली. हा भेद महत्त्वाचा आहे.

मग हद्द हलवावी का? माझे उत्तर ‘शक्यतो नाही’ असे आहे. बँकेतल्या नोकरीत मी कर्जापोटी तारण येणाऱ्या जमिनींच्या चतुःसीमा वाचत आलो. ज्या जमिनीवर बंधन नाही तिला गिऱ्हाईक मिळते, हा साधा हिशेब आहे. हद्द सरकली की ती जागा बाजाराच्या आवाक्यात येते, आणि पुढच्या दहा वर्षांत घर मूळ मालकाकडेच राहील याची हमी कोणी देत नाही.

त्याऐवजी दुसरी वाट २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला राहण्याचा आणि कसण्याचा हक्क मिळतो, चार हेक्टरच्या मर्यादेत आणि अभयारण्यातसुद्धा. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. हा हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही. बँकेच्या लेखी असे तारण कच्चे. जंगलाच्या लेखी मात्र तेच पक्के. घर राहते, रेषाही राहते, आणि मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाला रिकाम्या हाताने परत जावे लागते.

अपवाद उरतो तो खऱ्या चुकीचा. मोजणीत सातबाऱ्यावरची खासगी जमीन किंवा गावठाणातले घर नजरचुकीने आत गेले असेल, तर तेथे रेषा दुरुस्त व्हायलाच हवी, आणि तीही उपकार म्हणून नव्हे. त्यासाठी मोजणीदाराने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हद्द चालावी, मसुदा पाड्यावर पावरी-तडवीत समजावून सांगावा, आणि हरकतींची मुदत त्या दिवसापासून मोजावी. हे झाले तर ‘हद्द सरकवा’ असे अर्ज फारसे येणारच नाहीत. आणि जे येतील, त्यांतला खरा कोणता हे ओळखणे अधिकाऱ्यालाही जड जाणार नाही.