दाखला दारावर नको, लस दारात हवी

पुढची साथ आली की तीच मागणी पुन्हा होणार: मॉल, हॉटेल, नाट्यगृह, लोकल, सगळीकडे आधी लसीचा दाखला दाखवा आणि मगच आत या. महाराष्ट्राने कोरोनाच्या साथीत हे करून पाहिले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास आणि मॉलमध्ये प्रवेश मिळू लागला. २७ नोव्हेंबरच्या आदेशाने हीच अट दुकाने, कार्यक्रम आणि सार्वजनिक वाहनांनाही लावली. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता, आस्थापनेला १० हजारांपासून ५० हजारांपर्यंत. लस प्रत्येकाने घ्यावी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण अशी सरसकट दाखलासक्ती अन्यायाची होती आणि ती पुन्हा होता कामा नये.

सक्तीच्या बाजूने पहिले म्हणणे असे, की लस फुकट होती, मिळत होती, तरीही ज्याने घेतली नाही तो हट्टी. त्याची कसली कीव करायची? तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाला लागून असलेल्या घिवलीत उभे राहून हा दावा तपासून पाहू. मे २०२१ च्या सुरुवातीला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला मोबाइलवर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट, त्याची जागा पक्की. अठरा वर्षांवरील सर्वांना थेट केंद्रावर जाऊन मोफत लस मिळण्याचे केंद्र सरकारचे धोरण २१ जूनला लागू झाले. त्यातून कोविशिल्डच्या दोन मात्रांतले अंतर किमान बारा आठवडे. समजा, घिवलीतला एखादा कंत्राटी कामगार त्याच दिवशी रांगेत पहिला उभा राहिला असता. तरी त्याची दुसरी मात्रा १३ सप्टेंबरच्या आधी होत नव्हती आणि वरचे चौदा दिवस धरले तर बोईसरहून लोकलचा पास २७ सप्टेंबरच्या आधी मिळत नव्हता. नियम मात्र १५ ऑगस्टलाच लागू झालेला! सरकारच्याच वेळापत्रकाने त्याला सहा आठवडे बाहेर ठेवले आणि वर हट्टी ठरवले. त्या सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी त्याला कोणी भरून दिली?

दुसरे म्हणणे, दाखला असला की आतली गर्दी सुरक्षित. हेही टिकत नाही. लसीने गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळले, हे तिचे थोर काम. संसर्ग रोखण्याची तिची ताकद मात्र अपुरी होती आणि काही महिन्यांत ओसरत होती. जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉन या नव्या उपप्रकाराला नाव दिले २६ नोव्हेंबरला. आपला आदेश निघाला दुसऱ्याच दिवशी. जानेवारीच्या लाटेत दोन्ही मात्रा घेतलेले लोक घरोघर आजारी पडले. शिवाय दाखला म्हणजे लस नव्हे. मुंबईत बनावट शिबिरे भरली. नऊ शिबिरांत २,०५३ जणांची फसवणूक झाल्याचे राज्य सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितले. त्यांतल्या कित्येकांच्या हाती प्रमाणपत्रे होती, दंडात लस नव्हती. मॉलच्या दारातला रखवालदार तरी काय तपासणार? मोबाइलवरच्या फोटोवर नजर टाकायची आणि हात हलवून आत सोडायचे, एवढेच त्याच्या हाती होते.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे: सक्तीने लसीकरण वाढते. फ्रान्सच्या अध्यक्षांनी १२ जुलै २०२१ ला आरोग्य-पासची घोषणा केली आणि एका दिवसात नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीसाठी नोंदणी केली. हे खरे आहे. पण तिथे नोंदणी केली की लस मिळत होती. आपल्याकडे लशींचा तुटवडा पडला म्हणून मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले होते. चाबूक उगारण्याआधी रस्ता मोकळा लागतो.

कायद्याच्या कसोटीवरही ही सक्ती उतरली नाही. राज्य कार्यकारी समितीशी विचारविनिमय न करता मुख्य सचिवांच्या सहीने निघालेल्या आदेशांवर मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये बोट ठेवले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. मार्चमध्ये पुन्हा तीच अट आली. एप्रिलच्या सुरुवातीला सर्व निर्बंध उठले. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येत नाही आणि लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधने त्या परिस्थितीत प्रमाणशीर नाहीत.

याच निकालाचा आधार घेऊन लशीलाच नावे ठेवणाऱ्यांचेही खंडन करायला हवे. त्याच निकालात न्यायालयाने लसीकरणाचे धोरण योग्य ठरवले आहे आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधने घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला आहे. देवी हटली ती लसीनेच. पंढरीच्या वारीला जाताना पटकीची सुई टोचल्याचा दाखला लागे, हे आपल्या आजोबा-आजींना ठाऊक होते. तिथे टोचणाराही वाटेवरच बसलेला असे.

मग करायचे काय? दाखला मागायचाच असेल तर तो रुग्णालयात आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांकडे मागा, कारण तिथल्या दुबळ्या माणसाला पळून जायला जागा नसते. इतरत्र अट घालण्याआधी लस संसर्ग खरोखर रोखते याचा पुरावा लोकांसमोर ठेवा आणि गावातल्या शेवटच्या माणसालाही दोन्ही मात्रा घेण्याइतका वेळ द्या. कागदी दाखला चालू द्या. आदेशावर मुदतीची तारीख घाला. रेशन, दवाखाना आणि पोटापाण्यासाठीचा प्रवास यांना ही अट कधीही लावू नका.

आणि लस माणसांच्या वेळेने न्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्याला आणि खलाशी घरी. किनारपट्टीवर लसीकरण करायला याहून चांगले दिवस नाहीत. पालघरच्या पाड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचायचे ते त्याआधी, त्यांच्या बोलीत समजावून सांगणाऱ्या आशाताईंना सोबत घेऊन. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ‘हर घर दस्तक’ मोहीम हेच सांगत होती. ती मात्रा यायला लागल्या त्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती.

घिवलीपासून डहाणूपर्यंतच्या प्रत्येक ग्रामसभेने हा ठराव आत्ताच करून ठेवावा: आमच्या गावात लस आधी येईल, अट नंतर. साथ आल्यावर ठराव करायला सवड मिळत नाही.