माझा १.४

सत्तावीस वर्षं मी मिरजेत लोकांच्या रक्ताचा रंग बघते आहे. लाल नव्हे, पिवळा.

एलायझा चाचणीची प्लेट म्हणजे शहाण्णव बारीक वाट्यांचं ताट. प्रत्येक वाटीच्या तळाला कारखान्यातच विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात पेशंटचं पातळ केलेलं सिरम घालायचं, थांबायचं, विसळायचं. मग पुढचं रसायन, पुन्हा थांबायचं, पुन्हा विसळायचं. त्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात असतील तर त्या तळाला धरून राहतात आणि वाटी निळी होते. शेवटी आम्ल घातलं की निळ्याचं पिवळं. हा पिवळेपणा मशीन मोजतं आणि कट-ऑफच्या वाटीनं भागून आकडा देतं. कट-ऑफ ०.२५० आणि तुमची वाटी ०.३५०, तर उत्तर १.४. हर्पिसच्या बऱ्याच किटमध्ये ०.९च्या खाली निगेटिव्ह, १.१च्या वर पॉझिटिव्ह आणि मधलं ते बॉर्डरलाइन.

आता हिशेब करा. याच प्लेटवर ०.२२० आलं तर तुम्ही सुटलात, ०.२८० आलं तर अडकलात. मधला फरक ०.०६. डोळ्यांना तो दिसतसुद्धा नाही, दोन्ही वाट्या सारख्याच फिक्या. विसळताना थेंबभर पाणी तळाला राहिलं, पिपेटचं टोक नीट बसलं नाही, मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि एसी बंद पडला, एवढ्यावर तो फरक सहज इकडचा तिकडे होतो. आम्ही काळजी घेतो, कंट्रोल लावतो, शंका आली तर परत लावतो. पण रिपोर्टवर यातलं काही छापलं जात नाही. तिथे एकच शब्द येतो, ठळक अक्षरांत.

तो शब्द एकदा माझ्या नावापुढे आला.

किट नवीन आलं की आम्ही आमचंच सिरम लावून बघतो. घरचं रक्त फुकट मिळतं. त्या दिवशी हर्पिसचं किट होतं. हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार. पहिला म्हणजे एचएसव्ही-१, जो बहुतेकांना लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून किंवा उष्ट्यातून मिळतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोड उठतात ते त्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीखालच्या जगातल्या ६४ टक्के लोकांत तो आहे. दुसरा एचएसव्ही-२, तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. माझा पहिला पॉझिटिव्ह येणार हे मला ठाऊकच होतं, शाळेत असल्यापासून दर तापाला माझा ओठ फुटतो. पण दुसराही आला. १.४.

आमचे हे एसटीत कंडक्टर. आठवड्यातून दोन रात्री मुक्कामी गाडी.

मला सगळं माहीत होतं. किट नवं आहे, आकडा खालच्या पट्टीतला आहे, अशा आकड्यावर विश्वास ठेवू नये हे मी स्वतः शिकाऊ मुलींना सांगत आले होते. तरी त्या रात्री ताट वाढताना मी मनातल्या मनात मुक्काम मोजत होते. पंढरपूरचे किती, जतचे किती. चार दिवस मी घरात कामापुरतं बोलले. त्यांनी एकदा विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." पाचव्या दिवशी ओळखीच्या लॅबमध्ये दुसऱ्या कंपनीच्या, वेगळ्या तंत्राच्या मशीनवर माझं सिरम लावून घेतलं. सपशेल निगेटिव्ह. पुढं काही महिन्यांनी पुन्हा केलं, पुन्हा निगेटिव्ह.

त्यांना हे सांगायला मला वर्ष लागलं. ऐकून म्हणाले, "म्हणजे मशिननं चुकीचं तिकीट फाडलं आणि दंड प्रवाशाला?"

असं का होतं? या दोन विषाणूंची बरीचशी प्रथिनं सारखी आहेत. दोघांत फरक करायचा तर 'ग्लायकोप्रोटीन जी' नावाच्या एका प्रथिनावर चाचणी बेतावी लागते, आणि तरीही पहिल्याच्या अँटीबॉडी असणाऱ्यांत दुसऱ्याचा खोटा पॉझिटिव्ह जास्त दिसतो. आमच्या मिरजेत सतारी बनतात. सतारमेकर गल्लीत कुणी वरची तार छेडली की खालच्या तरफा हात न लावता झणझणतात. माझी तरफ झणझणली होती, इतकंच. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुठली तार छेडली आणि कुठली नुसती घुमली हे कसं कळावं?

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०२१च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की सर्वाधिक वापरली जाणारी एचएसव्ही-२ची चाचणी १.१ ते ३.० या आकड्यांत वारंवार खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीनं खात्री केल्याशिवाय पेशंटला निदान सांगू नये. त्यांच्याकडे वाद मिटवायला सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातली वेस्टर्न ब्लॉट तपासणी आहे. आमच्याकडे जतहून आलेल्या बाईला सिअ‍ॅटल कसं सांगायचं? त्याच देशातल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञसमितीनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सल्ला दिला की लक्षण नसलेल्या माणसांची हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करूच नये, गरोदर बायकांचीसुद्धा नाही. फायद्यापेक्षा तोटा जास्त.

तोटा कसा, ते साध्या गणितानं बघा. समजा हजार माणसं रांगेत आली आणि त्यातल्या पन्नासांना खरोखर एचएसव्ही-२ आहे. चाचणी इतकी चांगली की ती पन्नासच्या पन्नास पकडते आणि नसलेल्यांत शंभरात फक्त पाच वेळा चुकते. उरलेल्या साडेनऊशेंत पाच टक्के म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन बाहेर पडणाऱ्या जवळजवळ शंभर जणांतले निम्मे बिनविषाणूचे. आणि ही झाली चांगली चाचणी.

हे सगळं आज लिहायचं कारण एक मुलगी. वय पंचवीस-सव्वीस. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. कुणीतरी टॉर्च लिहून दिली. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांचं हे गाठोडं आमच्या भागात गर्भपात झालेल्या बाईच्या कागदावर जवळपास ठरलेलंच. तिचं हर्पिस आयजीएम, म्हणजे अँटीबॉडीच्या एका प्रकाराची तपासणी, आलं १.३. संगणकानं शब्द ठळक केला, मी सही केली.

घरी रिपोर्ट आधी दिरानं वाचला. हर्पिस म्हणजे मोबाइलनं सांगितलं नागीण. आपल्याकडे नागीण म्हणजे कमरेला वेढा घालणारं पुरळ, तोंड शेपटीला भिडलं की माणूस जातो असली भीती. सासूनं तिला आतल्या खोलीत नेऊन कंबर तपासली. काही नाही म्हटल्यावर घर निवांत झालं. ती नागीण खरं तर वेगळ्याच विषाणूची, कांजिण्यांच्या; नुसतं आडनाव एक. पण संध्याकाळी नवऱ्यानं पुढचं पान वाचलं आणि त्याला दुसरा अर्थ सापडला.

आठ दिवसांनी ती एकटी काउंटरवर आली. रिपोर्टची घडी पदराखालून काढून म्हणाली, "ताई, हा एक शब्द खोडून मिळंल का?"

मी तिला आत बसवलं. फ्रीजरमध्ये तिचं उरलेलं सिरम होतं, ते पुन्हा लावलं. ०.९७. तेच रक्त, तेच किट, तीच मी. मग डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांनी नवरा-बायकोला बोलावून समजावलं. किती समजलं, मला माहीत नाही. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

तिला त्या दिवशी सांगितलं ते इथेही सांगते. हर्पिसच्या आयजीएमवर जाऊच नये. ते दोन प्रकारांत फरक करत नाही आणि जुन्या दुखण्यानं डोकं वर काढलं तरी पॉझिटिव्ह येतं, त्यामुळे 'आत्ताच लागण झाली' असा अर्थ त्यातून निघत नाही. टॉर्चच्या किटमध्ये तर पुष्कळदा एक आणि दोन एकत्रच मोजतात. त्यात पॉझिटिव्ह येणं म्हणजे लहानपणी आजीनं पापा घेतला होता एवढंच निघू शकतं. आणि वारंवार गर्भ पडण्याचं कारण यात शोधू नये. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ सालीच लिहून ठेवलंय की अशा बायकांची सरसकट टॉर्च तपासणी बंद करावी. आम्ही मात्र ती सणासुदीला सवलतीत देतो.

हर्पिस म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही. बाळंतपणाच्या वेळी आईच्या अंगावर ताजे फोड असतील तर बाळाला होणारी लागण जिवावर बेतू शकते, आणि दिवस भरत आले असताना पहिल्यांदाच लागण झाली तर धोका सगळ्यात मोठा. पण ते ओळखायला माझी प्लेट उपयोगी नाही. तिथे डॉक्टरांनी स्पष्ट विचारायला हवं, तिथं कधी फोड आले होते का, आत्ता आहेत का, नवऱ्याला आहेत का. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला डॉक्टरही लाजतात आणि उत्तर द्यायला बाईही. मग दोघं मिळून रक्त काढायला पाठवतात, जणू लाज वाटते तिथं सुई बोलेल! फोड असेल तर तो ताजा असतानाच त्यावरचा स्वॅब घेऊन पीसीआर करावा. तो थेट विषाणू शोधतो आणि कुठला प्रकार तेही सांगतो. फोड सुकल्यावर येऊ नका, तेव्हा हाती काही लागत नाही.

आणि ज्यांच्या हातात बॉर्डरलाइन किंवा एक-दीडचा रिपोर्ट आधीच आहे त्यांनी 'थोडं पॉझिटिव्ह' असं वाचू नये. तो आकडा आजार किती आहे हे मोजत नाही. १.४ म्हणजे सौम्य हर्पिस आणि ८ म्हणजे जबर, असं काही नसतं. खरंच जोखमीचा संबंध आला असेल तर बारा आठवडे जाऊ द्या, कारण अँटीबॉडी तयार व्हायला तेवढा वेळ लागू शकतो, आणि मग विषाणूचे प्रकार वेगळे करणारी आयजीजी या दुसऱ्या अँटीबॉडीची तपासणी दुसऱ्या पद्धतीनं करून घ्या. आठ दिवसांत चार लॅब फिरून चार आकडे गोळा करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातला सगळ्यात वाईट आकडाच त्यांच्या लक्षात राहतो.

लॅबवाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे. पॉझिटिव्हच्या खाली दोन ओळी मराठीत छापायला शाईचा खर्च किती येतो? 'हा आकडा खालच्या पट्टीत आहे, याची खात्री दुसऱ्या तपासणीनं करावी.' मी या मजकुराचा रबरी शिक्का करून घेतला होता. मालकांनी तो दोन दिवस मारू दिला. तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांचा फोन आला की तुमच्या टेक्निशियन आता पेशंटला सल्ले द्यायला लागल्या का. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. डॉक्टरांचं पूर्ण चूक होतं असंही नाही, रिपोर्टचा अर्थ सांगणं हे त्यांचंच काम. फक्त ते काम कुणीतरी करायला हवं, आणि शनिवारच्या गर्दीत साठ पेशंट बघणाऱ्याला ते कधी जमणार?

परवा एक जोडपं आलं. लग्नाला सहा महिने, आता मूल हवंय, हातात छापील यादी. मुलगी म्हणाली, "पूर्ण टॉर्च करा, सवलत आहे म्हणे." मी विचारलं, "काही त्रास आहे का? कधी फोड, जखम?" नाही म्हणाली. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, विचारलं, यातलं नक्की काय हवंय. पलीकडे क्षणभर शांतता, मग त्या म्हणाल्या, "रुबेला आयजीजी करा, लस घेतलीय की नाही तिला आठवत नाहीय. बाकीचं खोडा."

मी पेनानं तीन ओळी खोडल्या. बिल निम्म्याहून खाली आलं. संध्याकाळी मालकांनी दिवसाचा हिशेब बघितला, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मी प्लेट विसळायला गेले.