चिप स्वदेशी, पण तिची संहिता वाचणार कोण?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२५मध्ये ‘ध्रुव-६४’ हा १ गिगाहर्ट्झ वेगाचा, दोन कोअर असलेला ६४ बिट प्रोसेसर जाहीर केला. त्याचे स्वागत झाले ते योग्यच. मात्र स्वदेशी चिपची चर्चा आपल्याकडे कारखाना, जमीन आणि अनुदान यांच्यापलीकडे सहसा जात नाही. प्रोसेसर विश्वासार्ह आहे की नाही, याचा बराचसा निर्णय कारखान्याची पायरी चढण्यापूर्वीच, त्याच्या संहितेच्या तपासणीत झालेला असतो.

आजचा प्रोसेसर कागदावर रेखाटला जात नाही, लिहिला जातो. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या हार्डवेअर वर्णनभाषांतील संहितेवरून पुढे सॉफ्टवेअरच्या साह्याने ट्रान्झिस्टरची मांडणी होते. ही संहिता दिसते प्रोग्रॅमसारखी, पण तिचा स्वभाव निराळा. प्रोग्रॅममधील सूचना साधारणतः एकामागून एक अमलात येतात; येथे सारे भाग एकाच वेळी जागे असतात. व्हेरिलॉगमध्ये मूल्य देण्यासाठी दोन चिन्हे आहेत. एकाने मूल्य तत्काळ बदलते, दुसऱ्याने त्या क्षणाचे सर्व बदल एकदम लागू होतात. या दोहोंत गल्लत झाली, तर संगणकावरील चाचणीत निर्दोष ठरलेले सर्किट प्रत्यक्षात वेगळे वागू शकते. अशा अनेक चुका स्वयंचलित साधने पकडतात. पण लिहिणाऱ्याने मूळ अपेक्षाच चुकीची समजून घेतली असेल, तर ती दुसऱ्या माणसाने वाचल्यावाचून उघड होणे कठीण.

कोअर एकाहून अधिक झाले की अडचण नुसती दुप्पट होत नाही. एकाच सातबाऱ्याच्या चार प्रती चार जणांच्या हाती असाव्यात आणि एकाने फेरफार करताच उरलेल्या तिन्ही प्रती रद्द व्हाव्यात, असा हा कारभार असतो. प्रत्येक कोअरच्या कॅश स्मृतीत त्याच माहितीची प्रत असते. दोन कोअरनी एकाच क्षणी बदल मागितला, त्यातच तिसऱ्याची प्रत बाहेर काढली जात असली, तर कोणाचे खरे मानायचे? प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे बिनचूक असूनही हा गोंधळ होऊ शकतो आणि तो अब्जावधी ठोक्यांतून एखाद्याच वेळी प्रकटतो.

एएमडी कंपनीला २००७मध्ये याचा अनुभव आला. तिच्या पहिल्या चार कोअरच्या प्रोसेसरमध्ये कॅश आणि पत्त्यांची नोंद ठेवणारा भाग यांच्यातील व्यवहारात दोष आढळला. तो टाळण्याचा तात्पुरता उपाय लागू केला की चिपचा वेग घटे. सुधारित चिप बाजारात येण्यास २००८ उजाडले. त्याआधी १९९४मध्ये इंटेलच्या पेंटियममधील भागाकाराच्या कोष्टकात काही नोंदी गळाल्या होत्या. ती चूक इंटेलला ४७.५ कोटी डॉलरना पडली. तेव्हा एकच कोअर होता!

पस्तीस-चाळीस वर्षांच्या साधनसंपत्तीनंतरही चित्र फारसे दिलासादायक नाही. सीमेन्स आणि विल्सन रिसर्च ग्रुप यांच्या २०२४च्या पाहणीनुसार, पहिल्याच निर्मितीत अपेक्षेप्रमाणे चालणाऱ्या चिपचे प्रमाण १४ टक्के होते.

संहिता खुली ठेवली की हजारो डोळे ती तपासतील, असा एक युक्तिवाद केला जातो. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६मध्ये आठ कोअरच्या अल्ट्रास्पार्क टी-१ची व्हेरिलॉग संहिता खुली केली. संशोधकांना तिचा मोठा उपयोग झाला; प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याच कोअरवर आधारित २५ कोअरची ‘पिटॉन’ चिप घडवली. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रकल्पही खुल्या मार्गाचा. पण डोळे असणे आणि त्यांनी वाचणे यांत अंतर आहे. सॉफ्टवेअर वाचणारे लाखो असतील, कॅशमधील व्यवहारांची संहिता वाचू शकणारे मूठभर. ऑगस्ट २०२४मध्ये जर्मनीतील सिस्पा संस्थेच्या संशोधकांनी चीनमधील टी-हेडच्या सी-९१० या रिस्क-फाइव्ह कोअरमधील ‘घोस्टराइट’ हा गंभीर दोष उजेडात आणला. तो सापडला संहितावाचनातून नव्हे, तर तयार चिपवर त्याच सूचना चालवून निकाल ताडून पाहिल्याने. सिलिकॉन बदलणे शक्य नव्हते. सदिश गणनेची सोयच बंद ठेवणे हा उपाय उरला.

भारतात ही कौशल्ये नाहीत असे मुळीच नाही. बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि पुण्यातील अभियंते परदेशी कंपन्यांच्या चिपची पडताळणी रोज करतात. सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमाचे उद्दिष्ट ८५ हजार अभियंते घडवण्याचे आहे आणि महागडी आरेखन साधने महाविद्यालयांना सामायिकपणे उपलब्ध करून दिली जातात. अभ्यासक्रमांचा भर मात्र नवे काही रचण्यावर असतो. दुसऱ्याने लिहिलेल्या संहितेतील उणीव शोधण्याला गुण मिळत नाहीत. उत्पादनाच्या आरेखनासाठी डीएलआय योजनेतून पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, कमाल १५ कोटी रुपये मिळतात. त्यातून किती खर्च पडताळणीवर व्हावा, आणि ती करणारा गट आरेखन करणाऱ्यांपासून वेगळा असावा की नाही, हे अर्ज मंजूर करतानाच विचारले गेले पाहिजे.