अमिरात की खिलाफत?

अफगाणिस्तानात तालिबान आणि ‘इस्लामिक स्टेट’ची खोरासान शाखा यांच्यात २०१५ पासून चाललेला संघर्ष भांडवलदारी वृत्तपत्रे निव्वळ धर्ममतांचा तंटा म्हणून रंगवतात. तालिबान हनफी-देवबंदी परंपरेतले, तर खोरासानवाले सलफी. एकाला अफगाण सीमांतील अमिरात हवी. दुसऱ्याला राष्ट्रांच्या सीमाच मान्य नाहीत, त्याला जगभर खिलाफत हवी. हे मतभेद खरे आहेत. परंतु तेवढ्याने या रक्तपाताचा उलगडा होत नाही.

त्याची मुळे पेशावरमध्ये आहेत. १९८०च्या दशकात तेथील सात मुजाहिदीन पक्षांना अमेरिका व सौदी अरेबियाचा पैसा आणि शस्त्रे पाकिस्तानच्या लष्करी हेरखात्यामार्फत मिळत होती. कम्युनिस्टविरोध हाच त्यांना बांधणारा धागा होता. एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचे सरकार कोसळताच तो तुटला. हिकमतयार आणि मसूद यांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या, काबूलचे मोहल्ले बेचिराख झाले आणि हजारो नागरिक प्राणास मुकले. या विध्वंसातूनच १९९६ मध्ये तालिबान काबूलच्या सत्तेवर आले. खोरासान शाखेचा पहिला प्रमुख हाफिज सईद खान हाही पाकिस्तानी तालिबानचाच माजी सेनानी. आजचे वैरी असे एकाच मुशीतून निघाले आहेत.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर परतल्यापासून ‘खोरासानवाल्यांपेक्षा तालिबान बरे’ हा युक्तिवाद अनेक राजधान्यांतून ऐकू येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुंदुझच्या शिया मशिदीत नमाज पढणाऱ्यांचे प्राण घेणारे खोरासानवाले नराधम आहेत, यात शंका नाही. परंतु मुलींच्या माध्यमिक शाळा बंद ठेवणाऱ्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही स्त्रियांना बंद करणाऱ्या राजवटीला त्यामुळे निर्दोषत्वाचे प्रशस्तिपत्र मिळत नाही. अमेरिकेशी लढले एवढ्यावरून तालिबानला साम्राज्यवादविरोधी ठरवणे, ही तर डाव्यांनी केलेली आत्मवंचनाच ठरेल.

या संघर्षात बळी पडणारे बहुतांश मुसलमानच आहेत, ही गोष्ट आपल्या देशातील हिंदू जातीयवादी जाणूनबुजून दडवतात. ती जनतेपुढे मांडणे हे आपले काम आहे. खल्क आणि परचम यांच्या आपसातील वैराने अफगाण पुरोगामी शक्ती पोखरल्या गेल्या, याचीही कबुली दिली पाहिजे. अमिरात की खिलाफत, हा अफगाण कष्टकऱ्यांचा प्रश्नच नव्हे. त्यांचा प्रश्न भाकरीचा, जमिनीचा आणि शाळेचा आहे. आणि आपली एकजूट त्यांच्याशीच असली पाहिजे.