विश्लेषण : सफाई उद्योजकाचा हप्ता ठरलेला, देयकाचा दिवस अनिश्चित

नवी दिल्ली : भुयारी गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या कामगारालाच सफाई यंत्राचा मालक करावे, हे धोरण गेल्या दशकभरात केंद्र आणि राज्यांनी स्वीकारले आहे. कर्ज आणि अनुदानाच्या योजना त्यासाठी उपलब्ध आहेत. मात्र यंत्र दारात उभे राहिल्यानंतर त्याला काम कोण देणार आणि झालेल्या कामाचे पैसे केव्हा मिळणार, या दोन प्रश्नांवर या छोट्या व्यवसायांचे भवितव्य अवलंबून आहे.

सामाजिक न्याय मंत्रालय आणि गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ योजनेत सफाई यंत्रे व वाहनांच्या खरेदीसाठी वैयक्तिक लाभार्थ्याला 5 लाख रुपयांपर्यंत, तर गटाला 18.75 लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेतून अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची वाट खुली झाली.

या धोरणामागे जीवन-मरणाचा प्रश्न आहे. 2013 च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला कामाला लावण्यास मनाई केली. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

आजवरच्या मोठ्या प्रयोगांत यंत्राबरोबर कामही देण्यात आले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 2017 मध्ये हैदराबादच्या जल मंडळाने अरुंद गल्ल्यांत शिरू शकणारी 70 लहान जेटिंग यंत्रे दलित उद्योजकांमार्फत कामाला लावली. 2019 च्या प्रारंभी दिल्लीत अशीच 200 यंत्रे रस्त्यावर आली. पुण्यात 2005 मध्ये स्थापन झालेल्या ‘डिक्की’ या दलित उद्योजकांच्या संघटनेचा दोन्ही ठिकाणी सहभाग होता. जल मंडळ हेच ग्राहक असल्याने बँकेलाही परतफेडीचा भरवसा मिळाला.

जेथे अशी हमी नाही, तेथील हिशेब अवघड आहे. उदाहरणादाखल, 15 लाख रुपयांच्या यंत्रावर 5 लाखांचे अनुदान मिळाले आणि उरलेले 10 लाख रुपये दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 21 हजार रुपये येतो. चालक व मदतनिसाचे वेतन, डिझेल, विमा आणि दुरुस्ती हा खर्च वेगळा. पालिकेचे देयक तीन महिने रखडले, तर केवळ हप्त्यांपोटीच 63 हजारांहून अधिक रक्कम पदरची भरावी लागते. हप्ता 90 दिवसांपेक्षा अधिक काळ थकला, की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज अनुत्पादक ठरते आणि पुढील कर्जाचा मार्ग अडतो.

कायदा उद्योजकाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी आवश्यक आहे. पण ज्याचा एकमेव ग्राहक स्थानिक पालिका आहे, तो तिच्याविरुद्ध दाद मागण्यास सहसा धजावत नाही. कारण पुढचे कामही तिच्याकडूनच मिळावयाचे असते.

निविदेतील अटी हा दुसरा अडथळा. मागील वर्षांची उलाढाल, पूर्वानुभव आणि अनामत रक्कम या कसोट्यांवर कालचा कामगार टिकत नाही आणि काम जुन्या ठेकेदाराकडेच जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून चार टक्के खरेदीचे केंद्राचे धोरण केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांपुरते आहे. गटार सफाई मात्र नगरपालिकांच्या अखत्यारीत येते.

यावर उत्तर लहान शहरांत सापडते. महाराष्ट्रातील वाई आणि सिन्नर येथे सेप्टिक टाक्या तुंबण्याची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी क्रमवार उपसल्या जातात. काम खासगी सेवादाराकडे असून, त्याच्या मोबदल्याची रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कारणासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, जमा असते. वर्षभराचे काम आधी ठाऊक आणि पैशाची सोय आधी झालेली, या दोन गोष्टी छोट्या सफाई उद्योजकाला अनुदानाइतक्याच मोलाच्या आहेत.

नव्या मालकावर जबाबदारीही येते. यंत्र पोहोचत नाही म्हणून मजूर गटारात उतरवला, तर 2013 चा कायदा त्यालाही लागू होतो. देयक थकलेल्या आणि दुरुस्तीला पैसे नसलेल्या मालकाला हा मोह अधिक होण्याचा धोका आहे. त्यामुळे देयकांची शिस्त हा केवळ हिशेबाचा विषय राहत नाही. ‘नमस्ते’चे यश मोजताना वाटलेल्या यंत्रांबरोबरच त्यांना मिळालेले कामाचे दिवस आणि वेळेत चुकती झालेली देयके यांचीही नोंद व्हायला हवी.