हरवलेला पाना कोण सांगणार?

बिरसी (जि. गोंदिया) येथील विमानतळ प्रशासन आणि वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे अकाउंटेबल मॅनेजर यांस,



दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवर आज देशभरातली मुलं विमान चालवायला शिकतात. कामठ्याच्या रस्त्याने जाणारा माणूस आता आवाज झाला म्हणून वर बघतही नाही. पण २६ एप्रिल २०१७ ला वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला धडकून एक प्रशिक्षण विमान पडलं, आणि १८ मार्च २०२३ ला इथूनच उडालेलं, दुसऱ्या एका संस्थेचं विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळलं. दोन्ही वेळा प्रशिक्षक गेले, शिकणारीही गेली. त्या अपघातांची कारणं सांगणं माझं काम नाही. मला विचारायचं आहे ते जमिनीवरच्या रोजच्या कामाबद्दल.

नियमांची उणीव नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षा व्यवस्थापनासाठी स्वतंत्र परिशिष्ट १९ आणलं, ते २०१३ पासून लागू आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) नियम त्याच धर्तीवर आहेत. पैसा ज्याच्या हातात, त्याच्याच नावावर शेवटची जबाबदारी, म्हणूनच हे पत्र तुमच्या पदनामाने लिहिलं आहे. फाइल तुमच्याकडे असेलच. फाइलबाहेर काय चालतं, हा माझा प्रश्न.

एक साधी गोष्ट घ्या. हँगरमध्ये अवजारांचा फळा असतो. प्रत्येक पान्याची, पेचकसाची आकृती त्यावर रंगवलेली. अवजार परत आलं नाही की ती आकृती उघडी पडते. संध्याकाळी दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी आहे. इंजिनचं झाकण बसवून झालंय, पहाटे पहिलं उड्डाण आहे, इंजिनिअर घरी जायच्या घाईत. पाना शेवटचा हाताळला तो ठेकेदाराकडच्या हेल्परने. त्याने तोंड उघडलं तर झाकण पुन्हा खोलावं लागेल, उड्डाण रद्द होईल, आणि ‘कोणामुळे’ हा प्रश्न सर्वांत आधी निघेल. गप्प राहिला तर पाना बहुधा टेबलाखाली सापडेल. बहुधा. तुमच्या संस्थेची सुरक्षा संस्कृती म्हणजे त्या पाच मिनिटांत तो पोरगा काय करतो, एवढीच. भिंतीवरची पोस्टर्स आणि सुरक्षा सप्ताहातली शपथ त्या वेळी त्याच्या कामी येत नाही.

आमचा हा राइस मिलचा जिल्हा. मशीनच्या पट्ट्यात कामगाराचा हात गेला की ‘त्याचंच लक्ष नव्हतं’ म्हणून विषय मिटतो, आणि पट्ट्यावर जाळी का नव्हती हे कोणी विचारत नाही. हीच सवय विमानतळाच्या कंपाउंडच्या आत गेली असेल तर मला नवल वाटणार नाही.

चूक सांगण्याच्या या भीतीवर अमेरिकेने १९७६ मध्ये एक व्यवहारी तोड काढली. वैमानिकांनी, कर्मचाऱ्यांनी चुका कळवायच्या त्या विमान वाहतूक नियामकाकडे नाही, तर ‘नासा’कडे; तिथे कळवणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं. शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा एकच असला की कोणी बोलत नाही, हे त्यांना कळलं होतं. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला अर्थातच माफी नाही. पण चुकून झालेलं सांगणाऱ्याची रोजी कापली, की पुढच्या खेपेला तुम्हाला थेट अपघातच कळेल.

हेल्पर, सुरक्षारक्षक, टँकरवाले, गवत कापणारे हे लोक धोका आधी बघतात. धावपट्टीकडेला कुत्रं शिरलं, भोवतालच्या धानाच्या बांध्यांतून पक्ष्यांचा थवा उठला, हे त्यांना दिसतं. त्यांना इंग्रजी फॉर्म देऊन काय मिळणार? मराठीत, हिंदीत, तोंडी सांगितलेलं लिहून घेणारा माणूस ठेवा. आणि नवतपाच्या कडक उन्हात दुपारी तापलेल्या काँक्रीटवर काम करणाऱ्याला सावली, पाणी, पाळीची बदललेली वेळ द्या. उन्हाने बधिर झालेला माणूस विमानाचा फिरता पंखा विसरतो. हा धोका उन्हाशिवायही असतोच: १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत एअर इंडियाच्या हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला, तेव्हा विमान जमिनीवरच होतं.

माझी मागणी छोटी आहे. गेल्या वर्षभरात स्वेच्छेने किती धोके कळवले गेले, त्यातले ठेकेदारी कामगारांनी किती कळवले, आणि त्यांवर काय केलं, हे प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावा. कामगारांचा आकडा शून्य आला तर ‘आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे’ असं त्याखाली लिहू नका. ठेकेदाराला बाहेर बसवा आणि त्या पोरांशी स्वतः बोला.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक रहिवासी