दुसरा रिमोट कुणाच्या हातात?

पालकसभेत अम्मींची एक तक्रार हमखास असते, "मॅडम, मुलगा गेम सोडत नाही." मी विचारते, "कधी त्याच्यासोबत खेळून पाहिलंत?" उत्तर बहुतेक एकच, "इतकी बटणं! आम्हाला कुठं जमतं?"

त्यात तथ्य आहे. १९७७ च्या अटारी २६०० ला एक दांडी आणि एकच लाल बटण होतं. १९८३ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीनं फॅमिकॉम आणला. त्याच्या चपट्या रिमोटवर डाव्या अंगठ्यासाठी अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजव्यासाठी ए आणि बी. याच फॅमिकॉमच्या नकला १९९० च्या दशकात 'टीव्ही गेम' म्हणून आपल्याकडे आल्या. मे महिन्यात कूलरसमोर बसायचं, कॅसेटवर फुंकर मारायची आणि मारिओ सुरू! डावा अंगठा पळवायचा, उजवा उडी मारायचा. नानीलाही ते कळायचं.

पुढे खेळातली दुनिया सपाट राहिली नाही. १९९० च्या सुपर फॅमिकॉमनं रिमोटच्या वरच्या कडेलाही बटणं दिली, तर्जनी कामाला लागली. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये अंगठ्यानं फिरवायची छोटी दांडी आली. थोडी कलवली तर हळू चाल, पूर्ण कलवली तर धाव. १९९७ मध्ये सोनीच्या ड्युअलशॉकवर अशा दोन दांड्या आल्या. एकीनं चालायचं, दुसरीनं आजूबाजूला बघायचं. आजच्या प्लेस्टेशनचा ढाचाही हाच आहे.

खेळ मोठा झाला, पण घरातली मोठी माणसं बाजूला पडली.

ही अडचण कंपन्यांनाही दिसली. २००६ च्या निन्टेंडो वी मध्ये टेनिस खेळायला रिमोट रॅकेटसारखा फिरवला की झालं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपंग खेळाडूंसाठी वेगळा कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठी बटणं आहेत. शिवाय पायानं किंवा कोपरानं दाबता येतील अशी बटणं त्याला बाहेरून जोडता येतात.

तुमच्या घरी मात्र नवीन काही घ्यायची गरज नाही. या रविवारी दुसरा रिमोट मागून घ्या. मुलाला उस्ताद होऊ द्या, तुम्ही शागिर्द व्हा. पहिल्या दिवशी हराल, मुलं हसतील, हसू द्या. तो काय खेळतो, खेळताना कुणाशी बोलतो, हे तुम्हाला शेजारी बसून कळेल. मग "हा डाव संपला की बंद" असं सांगाल, तेव्हा डाव कधी संपतो हेही तुम्हाला ठाऊक असेल.